वर्तणूक चांगली आहे

आपल्याकडे कागदापेक्षा कागदाखालच्या सहीला मान जास्त, आणि सहीपेक्षा सही करणाऱ्याच्या गाडीवरच्या लाल दिव्याला जास्त. ते दिवे २०१७ साली सरकारने उतरवले. मान काही उतरला नाही. सहीचा हा महिमा ज्याला जवळून बघायचा असेल त्याने बँकेत कारकून व्हावं. मी गेली वीसेक वर्षं आहे. बी.कॉम. झाल्यावर दुसरं काही होण्यासारखं उरलेलं नसतं, त्यामुळे हा निर्णय फार विचार करून घेतला असं म्हणता येणार नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा नवं खातं उघडायला जुन्या खातेदाराची ‘ओळख’ लागायची. फॉर्मवर त्यासाठी वेगळी चौकट असे. ‘मी अर्जदारास अमुक वर्षांपासून ओळखतो.’ आमच्या त्या वेळच्या शाखेसमोर एक चहाची टपरी होती. खातं उघडायला आलेला माणूस आधी टपरीवर जाई, एक कटिंग सांगे, चहा संपेपर्यंत दोघांची ओळख होई आणि टपरीवाले आबा कपबशी विसळता विसळता आत येऊन सही करत.

‘किती वर्षं ओळखता?’ मी विचारायचो.

‘टाका पाच.’

निम्म्या पंचक्रोशीला आबा पाच वर्षांपासून ओळखत होते. उलट आमचे हेड कॅशियर. त्यांनी सख्ख्या मेहुण्याला ओळख दिली नाही. मेहुणा रुसला, बायको रुसली, तेव्हा म्हणाले, ‘मी त्याला ओळखतो, म्हणूनच सही देत नाही.’ आता आधार आलं, पॅन आलं, यंत्रावर बोट टेकवलं की माणूस तोच आहे हे यंत्र सांगतं. तो कसा आहे हे यंत्र सांगत नाही, पण ते आबांची सहीही सांगत नव्हती.

दुसरा कागद म्हणजे चारित्र्याचा दाखला. नोकरीच्या वेळी मलाही दोन द्यावे लागले. नात्यातला नसलेल्या प्रतिष्ठित माणसाचा हवा, अशी अट. एक मी कॉलेजातून आणला. तो छापील होता. नाव, वर्ग आणि वर्ष एवढ्यापुरत्या गाळलेल्या जागा, बाकी चारित्र्य सगळ्यांचं सारखं. ‘सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे. मी त्यास भावी आयुष्यात सुयश चिंतितो.’ प्राचार्यांनी मला तीन वर्षांत एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं, गॅदरिंगच्या दिवशी. शिपायाने गाळलेल्या जागा भरल्या, प्राचार्यांनी मान वर न करता सही केली आणि माझी वर्तणूक चांगली झाली. ती आजतागायत तशीच आहे.

हे सगळं आठवायचं कारण आमची भाची.

पण आधी गाव सांगतो. पेठ म्हटलं की लोकांना सदाशिव, नारायण, शनिवार असं काही तरी आठवतं. आमच्या पेठेला मागेपुढे वार नाही, देव नाही. नुसतंच पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावर खेड सोडून मंचरकडे निघालं की अवसरी घाटाच्या अलीकडे, आंबेगाव तालुक्यात. सातगाव पठारावरच्या सात गावांपैकी एक. पठारावर पावसाळ्यात बटाटा होतो. बेणं पंजाबातून मंचरच्या बाजारात येतं, जूनमध्ये लागवड, गणपती झाले की काढणी, आणि मधल्या काळात प्रत्येक माणूस एक डोळा आभाळाकडे आणि एक डोळा पीककर्जाच्या हप्त्याकडे ठेवून असतो. अशा गावातली माझी भाची, म्हणजे ताईची थोरली मुलगी, पुण्यात इंजिनिअर झाली, अमेरिकेत जाऊन एम.एस. झाली, तिथेच सॉफ्टवेअरच्या नोकरीत चिकटली, तिथलाच नागरिक असलेला मराठी नवरा मिळाला. ताईच्या दृष्टीने मुलीच्या आयुष्याचं पुस्तक छापून, बांधून, कपाटात ठेवून झालं होतं.

आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिने फोनवर सांगितलं की मला डॉक्टर व्हायचंय.

ताईने हा फोन स्पीकरवर लावला होता. दाजी जेवत होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि विचारलं, ‘कोण आजारी आहे?’

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? आपल्याकडेही होतंय की. जयकिशोर प्रधान नावाचे ओडिशातले गृहस्थ. आमच्याच व्यवसायातले, स्टेट बँकेतून निवृत्त झालेले. २०२० साली चौसष्टाव्या वर्षी ‘नीट’ पास झाले आणि बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एम.बी.बी.एस.ला दाखल झाले. पेपरात फोटो आला तेव्हा आमच्या शाखेत दिवसभर काम झालं नाही. कर्जविभागातल्या साहेबांनी कात्रण काचेखाली ठेवलं. पुढे २०२२ साली नॅशनल मेडिकल कमिशनने ‘नीट’ची वरची वयोमर्यादाच काढून टाकली. आमच्या सौ.नी ती बातमी मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच सांगून टाकलं, ‘मी कॉमर्सचा आहे. त्याला बारावीला बायॉलॉजी लागतं.’ पुढच्याच वर्षी कमिशनने जाहीर केलं की बायॉलॉजी बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलं तरी चालेल. या कमिशनला माझ्या घरातली शांतता बघवत नाही, असं माझं मत आहे.

तर सांगायचा मुद्दा, आपल्याकडे वय आडवं येत नाही आणि कुणाची ओळखही लागत नाही. एकशेऐंशी प्रश्न, सातशेवीस मार्क. तुम्ही बँकेत चौतीस वर्षं लेजर लिहिलंत की तुरुंगात बसून चिंचोके मोजलेत, यंत्राला पत्ता नसतो. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात हे विचारणारा एकही प्रश्न त्या एकशेऐंशींत नाही, आणि आपल्याकडच्या शिफारशींचा एकंदर अनुभव पाहता तो नाही हेच बरं, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

अमेरिकेत निराळं. तिथे डॉक्टरकीला जायचं तर आधी कुठली तरी पदवी हवी, मग जीवशास्त्र, रसायन, भौतिक असे विषय पदरी हवेत, ‘एमकॅट’ नावाची परीक्षा हवी, आणि वर शिफारसपत्रं. भाचीने नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत तीन वर्षं ते विषय केले. बेडूक कापला, ॲसिड हातावर सांडलं, एमकॅट दिली. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही. २०२५च्या उन्हाळ्यात अर्ज भरायची वेळ आली आणि शिफारसपत्रांचं निघालं, तेव्हा मात्र तिचा मला फोन आला.

‘मामा, एक पत्र तिकडून लागेल.’

ती हे बोलली आणि मागे ताई होती. झालं. संध्याकाळपर्यंत ताईच्या ओसरीवर आमची सगळी सोयरीक जमली. पत्र लागणार म्हणजे वशिला लागणार, आणि वशिला या विषयावर गावात अज्ञानी माणूस एकही नाही. दाजींच्या एका मित्राने पंचायत समितीच्या माजी सभापतींचं नाव काढलं. दुसऱ्याने साखर कारखान्याच्या संचालकाचं. बटाट्याचे एक व्यापारी म्हणाले, त्यांच्या साडूचा मुलगा मंत्रालयात एकाच्या पी.ए.च्या हाताखाली आहे. एका काकांनी कीर्तनकार महाराजांचं सुचवलं. महाराज तीन वर्षांमागे अमेरिकेला जाऊन आले होते, तेव्हा त्यांचं नाव तिकडे असणारच. मी आपला कोपऱ्यात बसून ‘तिथे असं चालत नसतं’ म्हणत होतो. पण कारकुनाच्या म्हणण्याला ओसरीवर किंमत नसते, ती काउंटरच्या आतून बोललं तरच असते.

आठ दिवसांत एक पत्र खरंच आलं. कुणाचं ते सांगत नाही. तीन रंगांचं लेटरहेड, वरच्या बाजूला ओळीने पाच फोटो, त्यांत पत्र देणाऱ्याचा सगळ्यांत लहान. ‘प्रति, मा. अधिष्ठाता, मेडिकल कॉलेज, अमेरिका.’ खाली मजकूर: ‘पत्रवाहक हे माझ्या परिचयाचे असून होतकरू व गरजू शेतकरी आहेत. तरी त्यांचे काम नियमात बसवून करावे, ही विनंती.’ नियमात बसवून, हे शब्द मला फार आवडले. अमेरिकेतल्या अधिष्ठात्याने नियमात बसवून गरजू शेतकऱ्याला डॉक्टर करावं! ताईने ते पत्र देवापाशी ठेवलं. अजून तिथेच आहे.

मग एका रात्री, म्हणजे आमच्या रात्री आणि तिच्या सकाळी, भाचीने मला सगळं नीट समजावून सांगितलं. तिथल्या बऱ्याचशा मेडिकल कॉलेजांचे अर्ज ‘ॲमकास’ नावाच्या एकाच व्यवस्थेतून जातात. त्यात जास्तीत जास्त दहा पत्रं देता येतात. पत्र देणाऱ्याने ते परस्पर तिकडे पाठवायचं. अर्जदाराच्या हातात द्यायचं नाही. पत्र देणाऱ्यांसाठी सूचनांचं एक पान असतं, तेही तिने मला पाठवलं. त्यातली पहिलीच सूचना मी तीनदा वाचली. अर्जदार डॉक्टरकीला लायक आहे की नाही याचा अचूक अंदाज द्या, तिची वकिली करू नका, अशा अर्थाची. पुढे होतं, तुम्ही तिला किती दिवस ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, आणि जे लिहिताय ते स्वतः पाहिलंय की ऐकलंय, ते सांगा.

‘टाका पाच’ म्हणणारे आमचे आबा इथे पहिल्याच ओळीला बाद झाले असते.

आणखी एक गंमत. १९७४ सालच्या एका कायद्याने तिथल्या विद्यार्थ्याला स्वतःबद्दलचे असे कागद पाहायचा हक्क आहे. आणि अर्ज करताना बहुतेक सगळे तो हक्क आपण होऊन सोडतात. कारण अर्जदार वाचणार नाही अशी खात्री असली तरच पत्राला वजन. आपल्याकडे बरोबर उलटं. आमच्या गोपनीय अहवालात साहेबाने काय लिहिलंय हे कळत नसे, म्हणून माणसं कोर्टात गेली, आणि २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी नोकराला त्याच्या अहवालातला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. ज्यांना हक्क होता ते सोडतात, ज्यांना नव्हता ते भांडून मिळवतात. दोघांनाही साहेबाबद्दलचा आपापला अनुभव असावा.

भाचीची बाकीची पत्रं झाली होती. शास्त्राच्या दोन प्राध्यापकांची आली. तिच्या कंपनीतल्या साहेबाचंही आलं, आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं. हाताखालचं चांगलं माणूस निघून जावं म्हणून चांगलं पत्र लिहायचं! आमच्या इथे साहेबाने एखाद्याची फार स्तुती केली की आम्ही समजतो, याची बदली करायचं ठरलंय.

राहिलं एक. आजारी माणसाजवळ तिला ज्याने पाहिलंय अशा डॉक्टरचं. तिकडचेही एक-दोन होते. पण तिचं म्हणणं, ‘मामा, मला पहिल्यांदा ज्यांनी पाहिलं ते आपले डॉक्टर. त्यांचं नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही.’

तर २०२१चा उन्हाळा. दाजींच्या आजारपणासाठी ती आली होती आणि दुसरी लाट आली. रात्री ती अमेरिकेच्या वेळेने लॅपटॉपवर काम करायची आणि दिवसा तालुक्यातल्या एका कोविड केंद्रात जायची. सुरुवातीला रजिस्टर लिहायला. मग जेवणाचे डबे. मग काय काय. डॉक्टर आमच्या भागातलेच, एरवी खासगी दवाखाना चालवणारे. त्या दोन महिन्यांत ते बहुधा उभ्याउभ्याच झोपले.

तिथे पठारावरचे एक आजोबा होते. ऑक्सिजनचा मास्क लावला की पाच मिनिटांत काढून टाकायचे. सिस्टर रागवायच्या, वॉर्डबॉय हात धरायचे, आजोबा आणखी जोरात झटापट करायचे. सगळ्यांनी ठरवलं, म्हातारा हट्टी आहे. भाचीने दोन दिवस पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की आजोबांना ऐकूच येत नाही. एरवी ते समोरच्याच्या ओठांवरून समजून घ्यायचे. इथे प्रत्येकाचं तोंड झाकलेलं. चार दिवस त्यांच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं, त्यांच्या लेखी. नुसते पांढरे बुरखे येऊन तोंडाला काही तरी बांधून जात होते.

तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बाबा, ही हवा आहे. काढू नका.’ आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी वाचलं आणि विचारलं, ‘बेणं आलं का?’

जूनचे दिवस तोंडावर होते. पंजाबचं बेणं बुक करून आजोबा आजारी पडले होते आणि पोराने उचललं की नाही याचा घोर लागला होता. भाचीने मुलाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर: ‘बेणं आलं.’ तिसऱ्या दिवशी: ‘कापून ठेवलं.’ मग ‘पाऊस नाही अजून’, मग ‘लागवड सुरू’. रोज एक पुठ्ठा. मास्क जागेवर राहिला. आजोबा तीन आठवड्यांनी चालत घरी गेले, आणि नंतर कधी तरी अमेरिकेत संगणकासमोर बसलेल्या माझ्या भाचीला वाटलं असावं की आपण चुकीच्या खुर्चीत बसलोय. हे ‘नंतर कधी तरी’ तिने मला सांगितलेलं नाही. मीच जुळवलंय.

मी डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात गर्दी. मी पत्राचं सांगितलं. डॉक्टर कुणाच्या तरी घशात बॅटरी मारत होते. मान न वळवता म्हणाले, ‘अरे वा! देऊ की. तुम्ही मजकूर करून आणा, मी सही करतो.’

आता हा आपला राष्ट्रीय रिवाज आहे. ज्याला पत्र हवं त्याने लिहायचं, ज्याचं नाव त्याने सही करायची. मी रात्री भाचीला कळवलं, हे सोपं झालं, तूच चांगलं इंग्रजी लिहून पाठव. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘नाही मामा. ते त्यांनीच लिहायचं. नाही तर नको.’ आवाज बारीक, पण हेड कॅशियरांचा होता.

ताई म्हणाली, ‘कोणाला कळणारे?’ मुद्दा बिनतोड होता. इथून अमेरिका आठ हजार मैल. पण मुलगी ऐकेना. आणि मला राहून राहून ते सूचनांचं पान आठवत होतं. स्वतः पाहिलंय की ऐकलंय. डॉक्टरांनी पाहिलं होतं. पाहिलेलं बाहेर काढायचं, एवढंच बाकी होतं.

तेव्हा मी रजा टाकली आणि दवाखान्यात नंबर लावला. कंपाउंडरने विचारलं, ‘काय होतंय?’ म्हटलं, ‘काही नाही, पत्र.’ त्याने माझ्या नावापुढे ‘पित्त’ लिहिलं. अठरावा नंबर. आत गेलो, वही काढली. डॉक्टर म्हणाले, ‘लिहा. ती हुशार, कष्टाळू, मनमिळाऊ...’ मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘डॉक्टर, एवढं तर माझ्याही दाखल्यावर आहे. तुम्ही तिला काय करताना पाहिलंत?’ डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बाहेरून एक बाळ रडत आलं. ‘उद्या या,’ ते म्हणाले.

असे मी चार दिवस गेलो. दोन पेशंटांच्या मधल्या मिनिटात डॉक्टर एक वाक्य सांगायचे, मी टिपून घ्यायचो. ‘ते बहिऱ्या आजोबांचं लिहा,’ असं म्हणाले आणि इंजेक्शन भरता भरता थांबून पुढे बरंच बोलले. त्यातलं काही मलाही ठाऊक नव्हतं. एक गोष्ट तिच्या विरुद्धची सांगितली. मी हात आखडता घेतला. म्हटलं, ‘हे कशाला?’ डॉक्टर म्हणाले, ‘मग बाकीचं खरं कशावरून?’ बँकेतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या अर्जदाराच्या अर्जात एकही खोट नसते त्याची फाईल आम्ही दोनदा तपासतो.

इंग्रजी करायचं काम माझ्याकडे. माझं इंग्रजी परिपत्रकांवर पोसलेलं. ‘विथ रेफरन्स टू द अबाव्ह, द कॅप्शन्ड कँडिडेट’ अशी मी सुरुवात केली. डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं, ‘ही मुलगी आहे का थकीत कर्ज?’ मग त्यांनी स्वतः तीन रात्री बसून ते पुन्हा लिहिलं. कागद मात्र दवाखान्याचाच, कारण लेटरहेडवर हवं अशी सूचना. त्यामुळे अमेरिकेतल्या कमिटीला हेही कळलं असेल की हा दवाखाना गुरुवारी बंद असतो आणि येताना जुने कागद आणावेत.

पत्रात शेवटी काय उतरलं ते मी ताईला सांगितलं नाही. ती तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. ‘सख्ख्या भाचीचं पत्र, आणि आईला दाखवत नाहीस?’ पण जिच्याबद्दल आहे तिनेच न वाचायचं लिहून दिलंय, ते तिच्या आईने वाचून कसं चालेल? आणि आईने वाचल्यावर ते किती मिनिटं गुप्त राहील? तुम्हालाही सांगणार नाही. पुठ्ठ्याचं सांगितलं ते केंद्रात सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्या दिवसांत मला एकशे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे गोपाळराव जोशी फार आठवले. पोस्टातले कारकून, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. बायकोला, आनंदीबाईंना, शिकवायचं म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते तिथल्या मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत असताना वाचलं. बाईंनी आनंदीबाईंना पत्र टाकलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं, आणि तिथून पत्रांची ये-जा सुरू झाली. १८८३ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या तोवर कार्पेंटरबाई त्यांना तीन वर्षं ओळखत होत्या, नुसत्या कागदावरून. आधी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, मग कॉलेजात पोचवलं. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कार्पेंटरबाई कुठल्या समितीच्या सभापती नव्हत्या. हे मी ओसरीवर सांगून पाहिलं. एक काका म्हणाले, ‘पण त्या बाईंची ओळख कुणाच्या वशिल्याने झाली?’ म्हटलं, ‘दात दुखत होता त्यांचा.’ काकांना ते पटलं. दातवाल्याचा वशिला होता म्हणाले.

पत्र रात्री साडेअकराला गेलं. दवाखान्याचं शटर अर्धं ओढलेलं, आत डॉक्टर, मी, कंपाउंडर आणि डॉक्टरांचा दहावीतला मुलगा. कारण संगणकाचं ज्ञान आमच्यात त्याला एकट्यालाच. आकडे टाकले, नंबर टाकला, एकदा लाईट गेली, परत आली. कंपाउंडरने मध्येच विचारलं, पोचपावती मिळते का? मिळाली. त्याने ती छापून फाईलला लावली, माझ्या पित्ताच्या कागदामागे.

बातमी पसरायची ती पसरलीच. आता डॉक्टरांकडे पोरं येतात. कुणाला जर्मनीला जायचंय, कुणाला नर्सिंगला, एकाला पोलीस भरतीला. ‘डॉक्टर, एक पत्र द्या. मजकूर मी आणलाय.’ डॉक्टर प्रत्येकाला एकच विचारतात, ‘तुला मी काय करताना पाहिलंय?’ बहुतेक पोरं खाली बघतात. एक म्हणाला, ‘सर, मी लहानपणी तुमच्याकडे टाके घालायला आलो होतो, रडलो नव्हतो.’ त्याला डॉक्टरांनी दिलं म्हणे, तेवढंच लिहून.

भाचीला मुलाखतीची दोन बोलावणी आली. त्यातली एक झाली, तिथे त्यांनी पुठ्ठ्यांबद्दल विचारलं, एवढंच ती बोलली आणि मी पुढे काही विचारलं नाही. निकाल अजून यायचाय. झाली ॲडमिशन तर पुढे चार वर्षं कॉलेज, मग रेसिडेन्सीची निदान तीन, आणि शिक्षणाच्या कर्जाचा जो आकडा तिने सांगितला त्याचा हप्ता काढायला मी बँकेचा तक्ता उघडला होता. तक्ता तेवढा लांब जात नाही. दाजी अजूनही जेवताना मधेच विचारतात, ‘पण ती नोकरी चांगली होती ना?’ ताईने भीमाशंकराला अभिषेक बोलून ठेवलाय.

आजोबा अधूनमधून आमच्या शाखेत येतात. कानात आता यंत्र आहे, पण ते खिशात ठेवतात. बॅटरी उतरते म्हणे. परवा पासबुक भरायला आले होते. मागे रांग.

‘त्या पोरीचं काय झालं?’ त्यांनी सबंध शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

मी मास्क लावलेला नव्हता, तरी त्यांना नीट कळावं म्हणून स्लिपच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अजून उत्तर नाही.’

आजोबांनी स्लिप लांब धरून वाचली. मग माझ्याच पेनाने, चौथीच्या अक्षरात, खाली काही तरी लिहायला लागले. रांगेतला एक जण म्हणाला, ‘आजोबा, आवरा की.’ त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. एकेक अक्षर सावकाश पुरं केलं, स्लिप काचेखालून आत सरकवली आणि पासबुक घेऊन निघाले.

‘माझी सही लागली तर सांगा.’